बिनचित्राचा वेढा

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

नवीन वर्षाचे संकल्प. एक, राग पूर्ण बंद. दोन, माझा बोर्ड गेम ‘वेढा’ यंदा बाजारात. तीन, राग पूर्ण बंद. हा दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा लिहिताना बायकोनं, क्रांतीनं, स्वयंपाकघरातून हाक मारली आणि मी पेन भिंतीवर फेकलं. हे दुसरं पेन.

‘वेढा’ तयार आहे. सहा वर्षांची मेहनत. नऊ बाय नऊ घरं, दोन फौजा, समोरच्याचा किल्ला पाडायचा. सगळ्या सोंगट्या गोल, सागवानी, एकसारख्या. एक खाच म्हणजे प्यादं, दोन म्हणजे घोडेस्वार, तीन म्हणजे तोफ. एका फौजेच्या खाचा सरळ, दुसरीच्या तिरक्या. खाचा तळाला, म्हणजे वरून पट अगदी स्वच्छ दिसतो. शंका आली तर सोंगटी उचलून बघायची (नियम ७). इतकं सोपं.

दिवाळीत रंगीत सोंगट्या करून पाहिल्या होत्या. निळ्या दिल्या तर मेव्हणा धैर्यशील म्हणाला, दाजी, ह्यो त्यांच्या पेठेचा रंग हाय, मेलो तरी हात लावणार न्हाय. पिवळ्या दिल्या तर शेजारचे हार्डवेअरवाले भरमाप्पा उठून गेले. फुटबॉलच्या टीमांनी कोल्हापुरात एक रंग मोकळा ठेवलेला नाही. तेव्हाच माझा सिद्धांत पक्का झाला. चित्र आणि रंग हे कच्च्या डोक्याला लागतात. खऱ्या डावाला फक्त बुद्धी लागते.

काल कृष्णात आला होता. बालवाडीपासूनचा दोस्त, पेंटर. उसाच्या ट्रॉल्यांवर वाघ आणि गरुड काढतो. म्हणाला, पृथ्या, फुकट रंगवून देतो मर्दा, घोडं घोड्यागत दिसू दे की. मी म्हटलं, मी भूमितीचा शिक्षक आहे, वर्तुळाला नाक-डोळे लागत नाहीत. बिचारा गप्प बसला. त्याला पटलं असावं.

११ जानेवारी, रविवार. संध्या. ५.००

तालमीच्या हॉलमध्ये पहिला सामना. धैर्यशील विरुद्ध भरमाप्पा. पाचव्या चालीला धैर्यशीलनं नियम ७ नुसार सोंगटी उचलली. भरमाप्पा म्हणाले ती माझी तोफ, खाली ठेव. धैर्यशील म्हणाला तोफ न्हाय, माझं प्यादं हाय. भरमाप्पा हे पायाखाली मुंगी आली तरी थांबणारे, सोमवार पाळणारे गृहस्थ. ते धैर्यशीलच्या मनगटाला कडकडून चावले. धैर्यशीलनं त्यांना धोबीपछाड मारली. एकाला तीन टाके, एकाला धनुर्वाताचं इंजेक्शन.

निष्कर्ष: खेळ माणसाला जबरदस्त गुंतवतो. सापशिडीत कोणी कोणाला चावल्याचं ऐकिवात नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

पुण्याच्या एका गेम कंपनीला ईमेल केला. दर वर्षी ते बाहेरचा एकच नवा खेळ घेतात. फोटो जोडला. तासाभरात निशिगंधा मॅडमचं उत्तर: आर्टवर्क अजून व्हायचंय का? मी कळवलं, हेच आर्टवर्क.

बहुतेक थक्क झाल्या. रात्रीपर्यंत उत्तर नाही.

१५ जानेवारी

उत्तर आलं! २२ फेब्रुवारीला एका लग्नाला कोल्हापुरात येताहेत, तेव्हा बघतील. सहा वर्षांचा निकाल एका दुपारी. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. सायन्सचा मास्तर हसला. त्याच्या डब्यात फळा पुसायचा डस्टर टाकला. (राग नव्हे. उत्तर.)

१८ जानेवारी, रविवार

आज मी विरुद्ध भरमाप्पा. मी शांतच होतो. सहाव्या चालीला ते माझा घोडेस्वार स्वतःचा समजून चालवायला लागले. मी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, सर, तळ बघू या की. मी म्हटलं बघा. बघितलं तर खाच खरंच त्यांची. तरीसुद्धा सांगण्याची एक पद्धत असते. मी पट उचलून त्यांच्या डोक्यात घातला. पट पाऊण इंची प्लायचा आहे, त्याला काही झालं नाही. दर्जा सिद्ध.

घरी येताना ठरवलं, उद्यापासून प्राणायाम.

१९ जानेवारी

प्राणायाम राहिला. भरमाप्पांच्या बायको महादेवी आमच्या दारात उभ्या राहून तासभर कन्नडमध्ये बोलल्या. मला कन्नड येत नाही, पण सगळं कळलं.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी ३.४०

कृष्णातशी डाव. आधीच त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, मर्दा, ह्यात कोण कुणाचं हेच दिसंना, लढायचं कुणाशी? मी म्हटलं खेळ. चौथ्या चालीला म्हणाला, भाकरीचे तुकडं मांडल्यागत दिसतंय.

सोंगटी माझ्या हातातून सुटली. त्याच्या उजव्या भुवईला लागली. रक्त भरपूर आलं, भुवईतून येतंच. तो रुमाल दाबून उठला. दाराकडं निघाला. मी पाठीमागून ओरडून सांगितलं की डाव अर्धा सोडणाऱ्याला हार धरतात (नियम १९).

येईल उद्या.

३० जानेवारी

आला नाही. चाळीस वर्षांत इतके दिवस कधी गेले नव्हते. पण मी फोन का करू? सोंगटी सुटली होती. सुटणे आणि मारणे यात फरक असतो.

१ फेब्रुवारी, रविवार

चार डाव. धैर्यशीलनं खुर्ची मोडली. तालमीच्या खिडकीची एक काच गेली. भरमाप्पा आता हेल्मेट घालून येतात. खेळाचा नाद असा असतो! मॅडमना हेच दाखवायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सोंगट्यांचा दुसरा संच कपाटात नाही. क्रांतीला विचारलं. तिनं कणीक मळता मळता सांगितलं, मीच दिल्या कृष्णात भावजींकडं रंगवायला. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून विचारलं, तर व्हय म्हणाले. तुमच्याशी बोलत न्हाईत, पर हातानं काम करत्यात.

मी कणकेची परात उडवली. क्रांतीनं लाटणं उचललं. मी बाहेर पडलो, भीतीनं नव्हे, कामासाठी.

कृष्णातचं दुकान उघडं होतं, तो नव्हता. कळंब्याला कुठल्याशा हॉटेलची भिंत रंगवायला गेलेला. मी त्याच्या ऑइलपेंटच्या डब्याला लाथ मारली. डबा भरलेला निघाला. अंगठा फ्रॅक्चर. ट्रॉली रंगवायला आलेल्या गिऱ्हाइकानं मला उचलून रिक्षात घातलं आणि विचारलं, पावणं, डब्यानं काय केलंतं?

१५ फेब्रुवारी, रविवार

रंगवलेला संच घरी आला आहे. क्रांतीनं उघडून दाखवला. मी बघितला नाही. घोडेस्वारांच्या कपाळाला घामाचे थेंब काढलेत. तोफांच्या तोंडाला काजळी. एक फौज मातीच्या रंगाची, एक राखेच्या, म्हणजे कुठल्याच पेठेला हरकत नाही. प्याद्यांचे चेहरे प्रत्येकाचे वेगळे. एकाच्या उजव्या भुवईवर व्रण आहे.

मी बघितला नाही.

मॅडमना मूळ संचच दाखवणार. नाहीतर त्या म्हणतील चित्रांमुळं चालला. यश माझं असेल तर माझंच असलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.००

इस्त्रीचा शर्ट. पायाला प्लास्टर. आजचा एकच संकल्प: कुणालाही मारायचं नाही. मॅडम बारा वाजता तालमीत. संध्याकाळी इथं चांगली बातमी लिहीन. खाली जागा सोडतोय.




त्याच दिवशी. संध्या. ६.३०

जमेल तसं लिहितो. उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत.

मॅडम वेळेवर आल्या, लग्नाची साडी नेसून. मी मूळ संच मांडला. माझ्याशीच खेळायला बसल्या. पाचव्या चालीला त्यांनी माझी सोंगटी उचलली. मी संकल्प आठवला आणि फक्त टेबलावर मूठ आपटली. पण जोरात. सगळ्या सोंगट्या उडाल्या आणि कुठली कुठं होती हे कुणालाच सांगता येईना. भरमाप्पा म्हणाले ती तिथं होती. धैर्यशील म्हणाला न्हवती. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण हेल्मेट माझ्या नाकावर लागलं. दोन खुर्च्या गेल्या. मॅडम टेबलाखाली होत्या. तिथून त्यांनी विचारलं, हे नेहमीच असं होतं का?

मी अभिमानानं सांगितलं, दर वेळी.

तेवढ्यात क्रांतीनं रंगवलेला संच आणून मांडला. मी अडवणार होतो, पण नाकाला रुमाल लावला होता.

हॉलमधले सगळे पटाभोवती जमले. मॅडम आणि भरमाप्पा खेळायला बसले. भरमाप्पांनी हेल्मेट काढलं. कुणी सोंगटी उचलून बघितली नाही. धैर्यशील प्याद्यांचे चेहरे बघत होता आणि म्हणाला, ह्यो आमच्या चुलत्यागत दिसतोय. सुरुवात मॅडमनी केली होती, त्या जिंकल्या. वीस मिनिटांत डाव पूर्ण. दुसऱ्या डावात सुरुवात भरमाप्पांची, ते जिंकले. मग क्रांती बसली, सुरुवात तिची, ती जिंकली. मग पुन्हा मॅडम. सगळे हसत होते. कुणी कुणाला हात लावला नाही. मी एका कोपऱ्यात उभा राहून कुणीतरी चिडेल म्हणून वाट बघत होतो.

पाचव्या डावानंतर धैर्यशील मोठ्यानं म्हणाला, दाजी, पयला खेळतोय त्योच जिंकतोय की.

मी म्हटलं, योगायोग. मॅडमनी आपल्या वहीत काहीतरी मोजलं आणि विचारलं, सर, याआधी किती डाव पूर्ण खेळून बघितले होते? मी म्हटलं, घरचे धरून तेहतीस. त्या म्हणाल्या, खेळलेले नाही, पूर्ण. शेवटपर्यंत.

मी खिशातल्या या रोजनिशीची पानं चाळली. टाके, काच, खुर्ची, अंगठा. शेवटपर्यंत गेलेला डाव एकही नव्हता.

मॅडमनी नमस्कार केला. जाताना क्रांतीकडून पेंटरचा नंबर घेतला.

२३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी

रजा घेतली. कागदावर मांडून बघितलं. पहिल्यानं खेळणारा नवव्या चालीला जिंकतो. समोरच्यानं काहीही करो. माझ्या नववीच्या वर्गातल्या कुणालाही अर्ध्या तासात सापडलं असतं. मला सहा वर्षांत सापडलं नाही, कारण नवव्या चालीपर्यंत आम्ही कधी पोचलोच नव्हतो. रंग असते तर पहिल्याच दिवशी पोचलो असतो.

मूळ सोंगट्यांवर हातोडा घातला. साग आहे, फुटत नाही. तिसरं बोट त्यातच गेलं.

१ मार्च, रविवार. सकाळी ११.४५

कृष्णातच्या दुकानात गेलो. पुण्याचं काम त्याला मिळालं आहे, कुणाच्या तरी दुसऱ्याच खेळासाठी चौसष्ट चित्रं. चुकलं म्हणून सांगायचं ठरवलं होतं. दारातूनच त्याच्या भुवईवरचा व्रण दिसला आणि सगळी वाक्यं गेली. मला वाटलं, तो आता एक ठेवून देईल. देऊ दे. एकदा मारला की फिटलं, मग आम्ही पूर्वीसारखे. चष्मा काढून खिशात ठेवला आणि त्याच्यासमोर तोंड पुढं करून उभा राहिलो.

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, बस की, चहा सांगतो.

चहा आला. त्यानं चित्र पुढं सरकवून विचारलं, कसं झालंय? मला जवळून चष्म्याशिवाय काही दिसत नाही. म्हटलं, घोड्याचे पाय जरा आखूड वाटतात. तो म्हणाला, ती म्हैस हाय.

मारलं नाही त्यानं. चहा संपवला आणि आलो.