मोकळ्या जागेवर कोणाला घ्यायचं

मी, वय वर्षे छप्पन्न, धंद्याने कवळ्या बनवणारा, हा कागद माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही आणि कोणी गोड बोलून पटवलेलंही नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दातांचे डॉक्टर तो फुकट द्यायला तयार होते, पण त्यांची धाव जबड्यापर्यंतच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आधी मी जाणार आणि बायको सगळं निस्तरणार, अशी माझी समजूत होती.

तिला जाऊन आठ महिने झाले. लोक विचारतात, कसं वाटतं? दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल जसा वाटतो, तसं. आपलाच आहे, हात लावला की कळतं. एवढंच.

१. लॅबमधली माझी हत्यारं, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि पॉलिशचं मशीन, माझ्या हाताखालच्या बाईंना द्यावीत. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं नव्हतं. कपाटातले अठ्ठावीस वर्षांचे जबड्यांचे साचे फोडून टाकावेत. त्यांत काही मोठ्या माणसांचे आहेत. निदान तिथे तरी त्यांची तोंडं बंद व्हावीत.

२. माझ्या हातच्या कवळीला ‘मी केली’ म्हणणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना मी काहीही ठेवत नाही. आमच्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी ते माझ्या बायकोला म्हणाले होते, ‘वहिनी, तुम्ही चहाचं बघा, खेळाचं आम्ही बघतो.’ त्या वर्षी ती पहिली आली आणि ते सातवे. त्यांना तेवढं पुरे.

३. ही स्पर्धा काय ते इथे लिहिणं भाग आहे, कारण घराचा निकाल तिच्यावरच लागला आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही आठ जण गेली नऊ वर्षं फॅन्टसी फुटबॉल खेळतो. म्हणजे मैदानात खरे खेळाडू धावतात, आम्ही खुर्चीत बसून त्यांचे कागदी संघ करतो, आणि त्यांनी जे केलं त्याचे गुण आम्ही आपल्या नावावर लावून घेतो. हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू निवडायचे. एकाने घेतला तो दुसऱ्याला मिळत नाही. गोलरक्षक एक, बचावाला चार, मधे तीन, पुढे दोन. अकरावी जागा मोकळी. तिथे आपल्या राखीव खेळाडूंपैकी बचावाचा, मधला, पुढचा, कोणीही चालतो, आणि तो दर आठवड्याला सामन्यांआधी बदलता येतो. सगळी भांडणं त्या एका जागेवरून.

आम्हा नवराबायकोचा संघ एकच होता आणि भांडणही एकच.

‘अगं, या पुढच्याने गेल्या वेळी दोन गोल मारले.’

‘मारले असतील. तो नसला तर त्याच्या जागी कोण उरतं?’

‘तसे पाच-सहा जण आहेत.’

‘आणि हा डावीकडचा बचावपटू नसला तर?’

‘तर काय, सगळा गाळ.’

‘मग झालं की! अहो, एकाचे गोल आणि दुसऱ्याचा बचाव समोरासमोर ठेवून मोजत बसू नका. प्रत्येकाच्या मागे काय उरतं ते बघा.’

‘बचावपटूचं पोस्टर कोणी लावतं का?’

‘तुम्हाला गुण हवेत की भिंत सजवायची आहे?’

नऊ वर्षांत ती बहुतेक वेळा बरोबर निघाली. हे मी लेखी देत आहे. तोंडी कधी दिलं नाही.

४. शेवटच्या शनिवारी हॉस्पिटलमध्ये तिने मला विचारलं, ‘त्या डावीकडच्याला घेतलंत ना?’ मी हो म्हटलं. घेतलं नव्हतं, पुढचाच ठेवला होता. संघ बदलायची मुदत दीडपर्यंत होती. वीस मिनिटं हातात होती, फोनही हातातच होता. बदललं नाही. म्हटलं, संध्याकाळी तिला दाखवू, माझंही कधीकधी खरं असतं.

ती पावणेतीनला गेली.

आमचा पुढचा खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरलाच नाही, शून्य. डावीकडच्याच्या संघाने एकही गोल खाल्ला नाही, वर त्याने स्वतः एक मारला. चार वाजता हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करता करता मी हे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

५. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची छोटी खोली. स्वतःच्या कमाईने घेतलेलं आहे, त्यामुळे ते कोणालाही देण्याचा मला अधिकार आहे. प्रश्न दोन माणसांचा आहे.

एक माझा मुलगा. तो आमचा गोल मारणारा. त्याच्याबद्दल तक्रार नाही. मोठं हॉस्पिटल त्यानेच शोधलं, खिडकीची खोलीही त्यानेच मिळवली. नातेवाईक अजून त्या खिडकीचे गोडवे गातात. त्याचे स्वतःचे दोन फ्लॅट आहेत. एकात तो राहतो, दुसऱ्यात हवा राहते.

दुसरी माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. शिवणकामाचं दुकान बंद करून, भाड्याची खोली सोडून ती दोन वर्षं इथे येऊन राहिली. ती खोली आता दुसऱ्याला गेली. तिने काय केलं ते कोणाला दिसलं नाही, कारण तिने जे केलं ते न होण्यातलं होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळून असूनही बायकोच्या पाठीला जखम झाली नाही. औषधाची वेळ चुकली नाही. ती एकदाही ओल्या चादरीवर पडून राहिली नाही. गोल होऊ न देणाऱ्यासाठी कोण टाळ्या वाजवतं?

गेल्या महिन्यात मुलगा आला होता.

‘बाबा, हे घर काढून टाकू. तुम्ही माझ्याकडे चला.’

‘आणि मावशी?’

‘मावशीची बघू ना कुठेतरी सोय.’

‘कुठेतरी म्हणजे कुठे?’

‘आता लगेच कसं सांगू? बघू म्हटलं ना!’

मेहुणी आत भांडी लावत होती. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

माझ्या थोरल्या भावाने तोडगा सुचवला, ‘घर पोराच्या नावावर कर, तिला मरेपर्यंत राहू दे.’ म्हणजे तिला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवायचं, आणि तेही मुलाच्या मर्जीने. नको. मुलाला हे घर मिळालं नाही तर त्याच्यामागे दोन घरं उरतात. तिला मिळालं नाही तर जिना उरतो.

म्हणून हे घर, आतल्या सामानासह, पूर्ण मालकीने मी माझ्या मेहुणीला देत आहे. ती राहो, विको, भाड्याने देवो. कोणी विचारायचं नाही. लोक बोलतील. त्यांच्या माहितीसाठी: इथे आल्यापासून ती मला ‘भावोजी, पाय वर घ्या, पुसायचंय’ यापलीकडे फारसं काही बोललेली नाही.

६. बँकेत जे असेल ते मुलाला. आमचा फुटबॉल संघही त्यालाच. अट एकच: दर शुक्रवारी मावशीला फोन करून मोकळ्या जागेवर कोणाला घेऊ ते विचारावं. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण फोन तर येईल.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मुलानेच करावी. तो चिडेल, दार आपटेल, आणि मग सगळं वेळेवर करेल. मी त्याला ओळखतो.

८. साक्षीदार समोर बसले आहेत, सही व्हायची आहे, तेवढ्यात हे एक घालतो. मघाशी मेहुणी चहा घेऊन आली होती. म्हणाली, ‘भावोजी, माझीपण सही घ्या की. घरचं कोणीतरी असावं.’ मी म्हटलं, ‘तुझी नको.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि ट्रे तसाच ठेवून आत गेली. परक्यांवर विश्वास आणि आपल्यावर नाही, असं तिला वाटलं असणार. खरं कारण सांगितलं असतं, तर ती संध्याकाळच्या आत बॅग भरून निघाली असती. ते आता सांगतो, कारण हे वाचलं जाईल तेव्हा मला उत्तर द्यायला लागणार नाही: ज्याला काही मिळायचं आहे, त्याची सही साक्षीदार म्हणून घेत नाहीत.

लिहून देणार: सही (कवळ्या बनवणारा)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. सही (दवाखान्यातल्या स्वागतिका)
२. सही (तळमजल्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे)

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
तारीख: हंगामाचा अकरावा आठवडा, शनिवार, दुपारी एक वाजता