अकरा फोटो आणि कंबर अडतीस

भाचेराव, अकरा फोटो टाकलेस तू पोरीचे, आणि खाली अक्षर म्हणून एक नाही. तुझ्या आईची नजर जाऊन चार वर्षं झाली, तिला फोन बोलून दाखवतो ते कळतं, हे काय मी तुला सांगायचं? फोन अकरा वेळा नुसतं ‘फोटो’ म्हणाला आणि गप्प बसला. वर तुझ्या सासूबाईंनी चौदा बदाम चिकटवले, ते मात्र त्याने एकेक करून वाचले, लाल हृदय, लाल हृदय. ताई घाबरून विचारते, पोरीच्या काळजाला काही झालंय का गं? तर आशीर्वाद घे, तब्येतीला जप, बाळंतिणीला झोपू दे (तू जागा राहा), आणि आता ऐकून घे.

ऑफिसात तू लोकांना हेच शिकवतोस ना, की फोटोखाली दोन ओळी लिहा म्हणून? मलाही शिकवून गेलास. ‘जे दिसतं ते लिही, मावशी.’ मी चौथीत शाळा सोडलेली, तरी दुकानाच्या फोनवरच्या पानावर शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या फोटोखाली लिहायला लागले. पण तीस वर्षं गळ्यात टेप घालून बसलेल्या बाईला काय दिसणार? मी लिहिलं, ‘निळ्या कोटातली बँकेतली बाई. कंबर अडतीस, सांगताना चौतीस सांगितली. डावा खांदा उतरता, म्हणून आत कापूस भरलाय. पोट ओढून उभी आहे.’

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात हजर. (कोट घालूनच, म्हणजे बसला होता नीट.) म्हणाली, “मापं शिवायला दिली होती, जगाला वाचून दाखवायला नाही.” मी म्हटलं, माझ्या बहिणीला दिसत नाही, तिला कळायला नको? तर म्हणते, “माझी कंबर कळून तिला काय करायचंय?” मी तिच्यासमोरच फोन उघडला. कंबर काढली, खांदा काढला, पोट काढलं. उरला निळा कोट. पण तोवर ताईने ते चार वेळा ऐकलं होतं. हसून हसून ठसका लागला तिला. मग डोळे पुसत म्हणाली, “किती दिवसांनी एक बाई नीट दिसली गं मला. आता माझी नात दाखव.”

मी काय दाखवू, कपाळ? पोर चादरीत गुंडाळलेली, तिथे ना कंबर ना खांदा. तेव्हा तूच लिहायला बस. केस किती, रडताना ओठ कुठल्या बाजूला जातो, सगळं. लाडात येऊन लिहू नकोस, माझ्यासारखं लिही.

तुझी मावशी

ता. क. हे कागदावर लिहितेय, कारण घरच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर फोनने ताईला वाचून दाखवलं असतं. ती ऐकेना, म्हणून मी सांगून बसलेय की पोरीचं नाक हुबेहूब तिच्यासारखं आहे. तेव्हापासून स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत बसते. (मला विचारशील तर सगळी तान्ही पोरं उकडलेल्या बटाट्यासारखीच दिसतात.)

आणखी एक. नाक तिचं नसेल तर हनुवटी बघ, कान बघ, काहीतरी तिचं सापडेपर्यंत बघ. बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे.