ब्रेकलाइटचा बल्ब

३ ऑक्टोबर, सकाळी सात
संकल्प : गाडीच्या मागच्या डाव्या ब्रेकलाइटचा बल्ब बदलणे. नाश्त्याआधी उरकेल. मग बायकोला फोन. ती माहेरी गेल्याला आज एकवीस दिवस. एका बल्बसाठी कोणी घर सोडतं का? आठ महिने सांगत होती म्हणे. तिने ब्रेक मारला, मागच्याने येऊन ठोकलं, तिचा हात मोडला. चूक त्याची. दिवा बंद असला तरी माणसाला डोळे असतात ना!

दुपारी एक
बल्ब जाम. होल्डरमध्ये हिरवा गंज. जोर लावला तर काच हातात आली, बूड आतच. नाश्ता राहिला.

५ ऑक्टोबर
शेजारचे मास्तर म्हणाले, अर्धा बटाटा दाबून फिरवा. बटाट्याचा लगदा झाला, बूड ढिम्म हललं नाही. उरलेला अर्धा परतून खाल्ला. स्वयंपाक जमायला लागलाय, हे तिला कळायला हवं.

८ ऑक्टोबर
मेकॅनिक म्हणाला, साहेब, आधी आत दाबायचं, मग फिरवायचं. मी पाच दिवस नुसताच फिरवत होतो. अर्थात मला ठाऊक होतं. त्याला येतं का ते बघत होतो. लगेच काढून देतो म्हणाला. नको म्हटलं. तिला सांगताना ‘स्वतः केलं’ म्हणता आलं पाहिजे.

९ ऑक्टोबर
उजवा दिवा चालू होता. सरावासाठी तो काढायला घेतला. आता दोन्ही बंद. हात मात्र बसला.
फोन केला. मेहुण्याने उचलला. प्लास्टर निघालं, बोटं वळत नाहीत, शिवणकाम बंद आहे, म्हणाला. मी सांगितलं, बल्ब निघतच आलाय. फोन कट झाला. रेंज नसावी.

१२ ऑक्टोबर
पक्कडीने दोन्ही बुडं उपटली. होल्डर नवे, बल्ब नवे. पण ब्रेक दाबणारा मी पुढे, दिवे मागे. उतरून बघायला जावं तर विझतात. तीनदा पळालो. मास्तरांना हाक मारता आली असती, पण मागे उभं राहून ‘लागला’ म्हणायचं काम तिचं. सव्वीस वर्षं तीच म्हणते.

१४ ऑक्टोबर
आली! मेहुण्याबरोबर. कपडे आणि शिलाई मशीन न्यायला, म्हणाली. आपलं म्हणायचं म्हणून.
म्हटलं, एक मिनिट मागे उभी राहा गं. राहिली. ब्रेक दाबला. लागला, म्हणाली. दोन्ही? दोन्ही. आवाज अगदी नेहमीचा. मला वाटलं, जिंकलो.
खिडकीतून विचारलं, मग राहतेस ना? ती जवळ आली. मूठ वळून दाखवली. अर्धीच वळली. किती वेळ लागला बल्बला, तिने विचारलं. मी ऐटीत म्हटलं, छे, काढता आलं की दहा मिनिटांचं काम.
दहा मिनिटं, ती म्हणाली. दोनदा म्हणाली. मग जाऊन भावाच्या गाडीत बसली.
मशीन डिकीत मीच ठेवून दिलं. ते गेल्यावर गाडीत बसून खूप रडलो.