ताटाच्या डबक्यातले मासे

पठार भाग, ता. संगमनेर
१४ जुलै २०२४

चि. सायली,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दाजींची पाठ पुन्हा धरलीय, बाकी काही नाही. मोनिका शाळेत जायला लागली. डेंग्यूतून उठल्यापासून पोरगी काटकुळी झालीय, पण जेवते. या वेळी तू विचारलं नव्हतंस, तरी कळवते.

आता माळावरच्या तुझ्या ताटाच्या डबक्याकडे वळते. तुझ्या अभ्यासासाठीचा महिन्याचा नोंदीचा कागद भरून सोबत जोडलाय. पण त्या चौकटीत मावत नाही ते इथं लिहिते. यंदा काहीतरी बिनसलंय. दहा जूनला पाऊस झाला, दोन दिवसांत कातळावरचं ते ताटासारखं उथळ डबकं काठोकाठ भरलं. आठवड्यात आपले उताणे झिंगे आले, पाठीवर पोहणारे, नखाएवढे. बेडकांची पिल्लं तर तीळ सांडावेत तशी पसरली होती. आणि जुलै उजाडला तो सगळं गायब! झिंगा एक नाही. पिल्लं शोधून शोधून दहा-बारा.

दरवर्षी कसं असतं? पिल्लांना पाय फुटतात, गौरींच्या सुमारास काठावर सीतेची आसवं फुलतात, दिवाळीनंतर चिखलाला भेगा पडतात आणि झिंग्यांची अंडी त्या कोरड्या मातीत पुढच्या पावसापर्यंत पडून राहतात. हे तूच मला शिकवलंस. पण अंडी घालायला झिंगे तर राहायला हवेत ना!

सायली, कुठंतरी पाणी मुरतंय. आधी मला कल्याणचा संशय आला. तो तिथं ट्रॅक्टर धुतो, असं बायडाबाई सांगत होती. पण मी स्वतः जाऊन बघितलं, चाकाचा माग नाही. आणि बायडाबाईचं आणि त्याचं बांधावरून भांडण आहे, तेव्हा तिचं बोलणं किती धरायचं?

राहिला आसाराम. त्याची दोनशे मेंढरं रोज तिथंच पाण्यावर येतात. जूनअखेरीला त्यानं मेंढरांना गोचिडाचं औषध मारताना मी डोळ्यांनी पाहिलं. तशीच ओल्या अंगानं ती डबक्यात उतरली असली तर? त्यानंच केलं असं मी म्हणत नाही, पण तू विचार कर. त्याला सहज विचारलं तर म्हणतो, "ताई, माझी मेंढरं पानी पेत्यात, झिंगं खात न्हाईत." वर हसला. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?

हो, पाण्यात थोडे बारीक मासे दिसतात. बगळ्यांच्या पायांना अंडी चिकटून येतात म्हणे. त्यात काही विशेष नाही.

तुझी ताई,
भारती


९ ऑगस्ट २०२४

सायली,
जय भीम.

हे सगळं तीनदा मोबाईलवर लिहिलं आणि तीनदा पुसलं. म्हणून कागद घेऊन बसले.

तुझा अर्ज ग्रामपंचायतीत पोचला. अगं, मी 'विचार कर' लिहिलं होतं, 'अर्ज कर' नव्हे! पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे, पावसाळाभर आसारामची मेंढरं माळावर बंद. कुठं नेईल तो? खाली सगळा ऊस नाहीतर कांदा, बांधावर कुणी उभं करत नाही. दिवाळीनंतर तो कोकणात उतरतो, तोवर त्याला हा माळच आहे. माळ बंद झाला तर मेंढरं विकावी लागतील.

परवा नोटीस घेऊन तो माझ्याकडेच आला. त्याला वाचता येत नाही, आणि गावात असले कागद आशा कार्यकर्तीनं, म्हणजे मीच, वाचून दाखवायचे असा रिवाज पडलाय. मी वाचलं. "स्थानिक रहिवाशाच्या माहितीनुसार" असं त्यात होतं. त्यानं विचारलं, "ह्यो रहिवासी कोन म्हनायचा?" मी म्हटलं, माहीत नाही. चहा घेऊन गेला बिचारा.

आणि तुझा तो फोन. "ताई, त्या माशांच्या शेपट्या रंगीत आहेत का?" मी म्हटलं, नीट दिसलं नाही. तर तू एकदम दाजींच्या पाठीची चौकशी सुरू केलीस! तेव्हापासून मला वाटतंय, तुला कळलंय. कळलं असेल तर अर्ज अजून मागे का घेतला नाहीस? मी बोलते का ते बघतेयस? माझी परीक्षा घेतेयस? खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालंय माझं.

शेपट्या रंगीत आहेत. ते गप्पी मासे आहेत. मी सोडले.

आरोग्य केंद्रातून बरणी मिळाली होती. डासांच्या अळ्या खायला अठरा ठिकाणी मासे सोडायचे, अठरा फोटो पाठवायचे. रंगुबाईचा हौद तडकला होता, म्हणून फोटो सतराच भरले. बरणीत मासे उरले होते. मी माळावर गेले, ओतले, फोटो काढला. मॅडमनी शाबासकीसुद्धा दिली.

पण एवढंच सांगून थांबले तर तेही खोटंच. ते मासे काय काय खातात हे मला माहीत नव्हतं का? पाच वर्षं तुझे कागद भरतेय मी! बरणी हातात घेऊन मी काठावर कितीतरी वेळ उभी होते. झिंगे दिसत होते. आणि मला तुझा त्याआधीचा, जूनमधला फोन आठवत होता. मोनिका दवाखान्यात, तिच्या प्लेटलेट उतरत चाललेल्या, मी खाटेशेजारी खाली बसलेली, आणि तू विचारलंस, "ताई, डबकं भरलं का गं?" मोनिकाचं नंतर विचारलंस. मी सांगितलं नव्हतं, तुला ठाऊक नव्हतं, सगळं कबूल. तरी राग आला. तुझ्यावरचा राग मी त्या पाण्यात ओतला, आणि आळ आसारामवर ढकलला. मला लाज वाटते, सायली.

मच्छरदाणी घेऊन तीन दिवस मासे काढतेय. निघतात, पण त्यांना पुन्हा पिल्लं होतात. जुन्या मातीत थोडी अंडी असतील तर पुढच्या पावसात झिंगे दिसतील, नाहीतर नाही. हे तूच सांगू शकशील.

काल सकाळी आसारामच्या मेंढरांच्या वाडग्यावर गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो काठीनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मासं सोडताना म्या बघितलं हुतं तुमाला."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस? नोटीस हातात असताना तरी बोलायचंस!"

"ताई दवाखान्याच्या हायेत, म्हनलं. चांगल्यासाठीच आसंल."

ग्रामसभेत मी उभी राहून माझं नाव सांगणार आहे. माझं काम जाईल की राहील, ते बघू. अर्ज मात्र तुझ्याच हातानं मागे घे, सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर.

उत्तर लिहू नकोस. ये.

भारती