पाच परस

बाबा, आज मेहकरच्या स्टँडवर मी पुन्हा तेच खोटं बोललो. एस.टी. माझ्या समोरून निघून गेली होती, कारण मी एका म्हाताऱ्याच्या पिंजऱ्यातल्या पोपटाशी बोलत उभा होतो. तुम्ही असते तर म्हणाले असते, याले पाण्याले धाडलं तर हा समुद्र पाहून येईन. पुढच्या गाडीला दोन तास होते म्हणून समोरच्या हॉटेलात शिरलो, तर आत वाद रंगलेला. रिटायर झालेले एक मास्तर हातातला पेपर हलवत सांगत होते की बाहेरच्या देशांच्या मदतीनं गरिबाचं कधी भलं होत नाही, माणूस फक्त हात पसरायला शिकतो, आणि देणारा आपल्याकडचा नको असलेला माल इकडं लोटून मोकळा होतो. सायकलच्या दुकानातले चाचा बशीत चहा ओतत होते. ते वर न बघता म्हणाले, "मास्तर, तुमचा पगार चालू होता. माह्या घरी सहा लेकरं होते. त्या साली लाल मिलो नसती आली तर आज चार असते." मग कुणीतरी मला ओळखलं. याले विचारा, हा त्या बोरिंगवाल्या गोऱ्याच्या संगं होता. सगळे माझ्याकडं वळले आणि मी दर वेळी सांगतो तेच सांगितलं. काही फायदा नाही, मशीन आली, भोक पाडलं, धूळ उडाली, निघून गेली. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मला आणखी एक चहा पाजला. चाचा उरलेला चहा बशीत ओतायला लागले. बाबा, मी हे नागपूरला बोललो आहे, भुसावळला बोललो आहे, एकदा सुरतेच्या गाडीत एका नवरदेवाला सांगितलं, त्यानं विचारलंही नव्हतं. आता तुम्हाला सांगायचं आहे, आणि तुम्हाला ते खोटं चालायचं नाही.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षीची, मिलोच्या, म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेल्या त्या लाल ज्वारीच्या सालची गोष्ट. गावातल्या दोन्ही विहिरींचा तळ उघडा पडलेला, आणि आई बाकीच्या बायांबरोबर दीड कोसावर, नाल्याच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्यावर जाते आहे. वाटीनं पाणी उचलायचं, घागर भरेपर्यंत उन्हात बसायचं. तशात ती मशीन आली. परदेशातून मदत म्हणून पाठवलेली, ट्रकवर बसवलेली, आणि तिच्याबरोबर एक गोरा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, नाकाची सालटं निघालेला. तो अमेरिकेचा की जर्मनीचा यावर गावात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. त्याच्यासोबतचा सरकारी माणूस दुसऱ्याच दिवशी तापानं फणफणून परत गेला. गावात मॅट्रिकपर्यंत गेलेला आणि इंग्रजीतच आपटलेला असा मी एकटा. म्हणून दोघांच्या मधे मला उभं केलं. आणि दुसरे होते तुम्ही, कारण पाणाडे तुम्ही. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालायचं, जिथं तो उभा राहील तिथं खाली पाणी. धामणगाव बढ्याचा एक माणूस फक्त तुम्हाला न्यायला एस.टी.नं आला होता आणि आपल्या ओट्यावर एक रात्र झोपला होता. मशीन कुठं लावायची हे गावानं तुमच्यावर सोडलं. गोऱ्यानंही मान हलवली. एका गावाला एकच भोक, मग मशीन पुढं. तुमचं नाव आणि गावाचं पाणी एकाच भोकावर येऊन ठेपलं होतं, आणि तुम्ही मजेत विडी ओढत होते.

त्याला मराठीचे वीसेक शब्द येत होते, ते त्यानं मजुरांकडून आणि पोरांकडून उचललेले. त्यामुळं त्याच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. पहिल्या दिवशी तो तुमच्यापुढं आला आणि म्हणाला, "बाबा, तू जेवला?" पारावरचे सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुमच्या सख्ख्या धाकट्या भावानंही तुम्हाला कधी तू म्हटलं नाही. आणि तुम्ही हसले. इतकं हसले की विडी विझली. म्हणाले, "हाव रे बाप्पा, जेवलो. तू जेवला का?" त्या दिवसापासून त्याचं ते रोजचं झालं. बाबा तू बस. बाबा तू दमला? बाबा, तू जेवला? मी एकदा, फक्त एकदा, त्याच्या सुरात सूर मिळवून म्हणालो, बाबा, तू चाल आता घरी. गंमत म्हणून. तुम्ही थांबले. मागं न वळता म्हणाले, "मी तुया जोडीदार हाव काय बे?" आणि तसेच पुढं चालायला लागले. तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं, त्याचं दुःख एक दिवस टिकतं.

तुम्ही त्याला घरी जेवायला आणलं. आईला मिलोची भाकर जमायला महिना लागला होता. ते पीठ चिकटच नाही, थापताना कडेनं फाटतं. मग तिनं उकळत्या पाण्यात पीठ मळायला सुरुवात केली आणि अख्ख्या आळीतल्या बाया तिच्याकडून शिकून गेल्या. मिलोच्या पोत्याचीच तिनं मला पिशवी शिवून दिली होती, तिच्यावर एकमेकांत अडकवलेले दोन हात छापलेले. गावातली पोरं म्हणायची, कोन कोनाले ओढून राह्यलं बे? त्या दिवशी ती पिशवी खुंटीवर होती. तुम्ही तिच्याकडं बोट करून म्हणाले, "हात तं दोन्ही सारखेच हाय. देनारा कोनता अन घेनारा कोनता, हे काऊन नाही लिवलं?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत ते त्याला सांगितलं. तो लाजला. मग हातातल्या लालसर भाकरीकडं पाहून, हळू आवाजात, त्यालाच वाईट वाटावं अशा तोंडानं म्हणाला की त्यांच्याकडं हे धान्य गुरांना घालतात. काय म्हनते, तुम्ही विचारलं. आई चुलीपुढून बघत होती, हाताला पीठ. मी म्हणालो, "म्हनते, भाकर लय नरम झाली." आईनं त्याला आणखी एक वाढली. ते माझं पहिलं खोटं, आणि त्याची मला आजही लाज नाही. पण त्याच दिवशी मला कळलं होतं की दोघांच्या मधे उभा असलेला माणूस काय काय करू शकतो.

मी बारा वर्षांचा असताना तुमच्या मागं लागलो होतो, आठवतं? नारळ माझ्या हातावर ठेवा म्हणून. तुम्ही ठेवलाही. मी चार पावलं चाललो आणि बांधावर सरडा दिसला, नारळ खाली. तुम्ही तो उचलून पुसला आणि म्हणाले, "तुयाच्यानं नाही होत. तुया पाय एका जागी ठरत नाही." त्यानंतर मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी घरातून पळायला तेव्हापासूनच लागलो. पाय ठरत नाही म्हटल्यावर मग ठरवायचे तरी कशाला. आणि मिलोच्या सालच्या त्या सकाळी, अख्ख्या गावासमोर, तुम्ही त्या गोऱ्याला बूट काढायला लावले. त्याचे पांढरे फटक पाय ढेकळात. तुम्ही नारळ त्याच्या तळहातावर ठेवला आणि खालून आपला हात लावला. दोघं तसेच चालत गेले, उंबराच्या अलीकडं, दगडी बांधाजवळ. नारळ उभा राहिला. तुमच्या हातानं राहिला की त्याच्या, देव जाणे. तुम्ही लोकांकडं वळून म्हणाले, "याचे पाय ऐकतात जमिनीचं." लोक हसले, वाहवा केली. मी दोन पावलांवर पिशवी घेऊन उभा होतो, दोन हात छापलेली. बाबा, मला त्या क्षणी त्याची मशीन नको होती, त्याचा देश नको होता, त्याचे बूटही नको होते. मला त्याचे पाय हवे होते.

दोन दिवस मशीन चालली. एकशे दहा फूट झाले आणि वर नुसती काळी धूळ. तिसऱ्या दिवशी सकाळी गोरा घड्याळ बघायला लागला, पुढच्या गावाला जायचं होतं. पण तुमच्यावर त्याचा जीव जडला होता. तो मला म्हणाला, बाबाला विचार, अजून किती. तो म्हणेल तेवढं जाईन. तुम्ही उंबराखाली बसलेले. तुम्ही वर आलेली धूळ चिमटीत घेतली, जिभेला लावली, थुंकली. म्हणाले, "काळा पत्थर सरत आला. खाली मुरूम हाय, मुरमात पानी. सांग त्याले, अजून पाच परस." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, हे तुम्ही मला मी चालायला लागायच्या आधी शिकवलं होतं. पाच परस म्हणजे तीस फुटांच्या वर. मी उंबरापासून मशीनपर्यंत चालत गेलो. फार अंतर नव्हतं. तो घामानं भिजलेला, माझ्याकडं आशेनं बघत. मी म्हणालो, "फाईव्ह हँड्स." आणि कोपरापासून बोटापर्यंत माझा हात दाखवला. तो म्हणाला, "ओन्ली?" मी म्हणालो, "यस."

त्यानं पाच हातांच्या साडेसात फुटांऐवजी दहा फूट घेतले, तुमच्यासाठी थोडं जास्तच. धूळ. मग पाइप वर ओढायला लागले. तुम्ही उठून आले आणि मला विचारलं, "पाच परस झाले?" मी म्हणालो, झाले. तुम्ही त्याच्याकडं पाहिलं नाही, भोकाकडं पाहिलं नाही. स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. मला वाटत होतं की आता तुम्ही त्याच्यावर चिडाल, म्हणाल की तुयाच पायानं घोळ केला. त्याऐवजी तोच आला, तुमचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या वीस शब्दांतून शोधून शोधून म्हणाला, "बाबा, तू बरोबर. मशीन छोटी." दोष त्यानं आपल्या मशीनवर घेतला. तुमची समजूत काढायची तीही त्यानंच काढली, मी तिथंच असताना. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा हात गेला. ते मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर तुम्ही नारळाला हात लावला नाही. कोनाड्यात तो वाळला, हलवला की आतून वाजायचा. लांबून माणसं आली तर तुम्ही ओट्यावरूनच सांगायचे, हात गेला माहा, दुसरीकडं पाहा. आई झिऱ्यावर जात राहिली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेले, आणि मी तेव्हा हिवरा आश्रमाच्या यात्रेत पाळणा फिरवत होतो, निरोप दोन दिवसांनी मिळाला. आणखी दोन वर्षांनी सरकारी मशीन गावात आली. भोक तयारच आहे म्हणून त्यांनी तेच खोल केलं. मी योगायोगानं गावात होतो. मी एकशे दहा फुटांपासून पुढं पाइप मोजत उभा राहिलो, आणि चौथ्या परसाला मुरूम वर आला, मग चिखल, मग पाणी, असं की बाया पदर सावरत मागं पळाल्या. तुम्ही एक परस जास्तच सांगितला होता. आता तिथं हापसा आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. आणि बाबा, त्या हापशाला गाव काय म्हणतं माहीत आहे? गोऱ्याचा हापसा. नवीन सुनासुद्धा म्हणतात, गोऱ्याच्या हापशावरून पाणी घेऊन येते. तुमची जागा, तुमचा नारळ, तुमचे परस, आणि नाव त्याचं. सांगावंसं वाटतं की हा माह्या बापाचा हापसा आहे. पण सांगितलं तर पुढचा प्रश्न येईल की मग पहिल्या वेळी पाणी काऊन नाही लागलं. म्हणून मीही गोऱ्याचा हापसाच म्हणतो.

मास्तरांचं खरं की चाचांचं, हे मला विचारलं तर मला एवढंच माहीत आहे. मदत आली होती. पाणीही होतं. मधे मी होतो. तीन वर्षं आईनं वाटीनं पाणी उचललं आणि मी गावोगाव सांगत फिरलो की बाहेरच्या मदतीत काही दम नाही, कारण मला ती फुकट गेलेलीच हवी होती. चाचांची सहा लेकरं जिवंत आहेत हे ऐकूनही आज मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही चहाबरोबर गिळलं.

हे मी स्टँडवरच्या बाकावर बसून वहीच्या पानांवर लिहिलं, आणि दुसरी गाडीही गेली. वाटलं होतं की सगळं सांगून झालं की माफी मागेन. पण पेन माफीवर जात नाही, भलतीकडंच जातं. दहा वर्षं झाली तरी मनात पाण्याच्या आधी तेच एक वाक्य येतं, सालटं निघालेल्या नाकाच्या त्या पोराचं, आणि तुमचं विडी विझेपर्यंतचं हसणं. आत्ता मी ते वाक्य एकदा लिहून पाहिलं, माझ्या अक्षरात कसं दिसतं म्हणून. बाबा, तू जेवला? लिहिलं आणि पटकन मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तरी मी 'तू' खोडून 'तुम्ही' केलं. मग वहीचं पान फाडून घडी केली, खिशात ठेवली, आणि परत बाहेर काढून घडीच्या आत पुन्हा 'तू' केलं.