अठ्ठावीसचा आकडा

प्रिय चिरंजीव,

परवा तू फोनवर विचारलेस, "बाबा, गाडी ॲव्हरेज किती देते हल्ली?" आणि मी उत्तर न देता फोन ठेवला. तुझी आई जाऊन जेमतेम महिना झाला आहे. माझे वागणे उद्धटपणाचे होते, हे मान्य. परंतु हे पत्र क्षमायाचनेसाठी नाही.

तू हायब्रिड गाड्यांच्या कंपनीत अभियंता. आईच्या उपचारांच्या फेऱ्यांसाठी गाडी दिलीस आणि किल्ली तिच्या हातात ठेवताना छाती फुगवून म्हणालास, "लिटरला अठ्ठावीस, आई! डोळे झाकून." तुझे ते अठ्ठावीस प्रयोगशाळेतले. तिथे चढ नसतो, ऊन नसते, शेजारी आजारी माणूस नसते. आमच्या घरापासून रुग्णालय सहा किलोमीटर, सगळा चढ. इंजिन पुरते तापेपर्यंत आम्ही पोहोचलेले असायचो. बॅटरी पहिल्याच चढावर मान टाकी आणि सगळा भार पेट्रोलवर येई. परतताना उतारावर ब्रेक लावता लावता ती दोन वळणांतच भरून जाई. उरलेला उतार वाया. त्यात एसी. हे तुला ठाऊक नव्हते? मग शिकलास काय, कपाळ?

पहिल्या दिवशी गाडीच्या पडद्यावर सोळा आले. दुसऱ्या फेरीपासून तुझी आई गाडीत बसताच एसी बंद करू लागली. काचाही उघडू देईना. त्यानेही आकडा घसरतो, हे तूच तिला शिकवले होतेस. भर उन्हात, मानेवर ओला रुमाल ठेवून, सुया टोचून काळानिळा झालेला हात मांडीवर घेऊन ती पडद्याकडे पाहत बसे. मी चिडलो की म्हणे, "तुम्ही गप्प बसा हो. पाय हलका ठेवा, पाय!" असे अठरा आठवडे. बावीसपर्यंत नेला तिने तो आकडा. आणि घरी आल्यावर, धापा टाकत, तुला फोन: "अठ्ठावीस देते रे राजा!"

तुझ्यावर माझा संताप आहे आणि तो राहील. परंतु अर्धेच सांगणे मला शोभणार नाही. त्या पहिल्या दिवशी, सोळा पाहून, मीच तिला म्हणालो होतो, "थापाड्या आहे तुझा लेक." नंतर तिने जे केले, ते मला खोटे पाडण्यासाठी.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर देववले नाही, म्हणून लेखी देतो. गाडी सोळा देते. वरचे सहा तुझी आई देत होती.

तुझाच,
बाबा