जोडीनंच या

हर्सूल
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. दिपालीला आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या चुलतभावानं, अंगदनं मोबाईलात दाखवलं. मी म्हटलं, छापून आण बाबा, काचेवरचं मला वाचता येत नाय. छापून आणलं तवा बोट ठेवून दोन डाव वाचलं. बोटीनं येणार म्हणतेस, ती बी शिडाच्या, नवऱ्याच्या सोताच्या. शेजारच्या सरूबाईला सांगितलं तर ती विचारती, हर्सूलच्या तळ्यात लावणार का? मी म्हटलं व्हय, तुझ्या म्हशी तेवढ्या बाहेर काढून ठेव.

लई आनंद झाला बघ. जहाजावर सैपाकाला गेलीस आन तिकडंच त्या पोर्तुगालच्या तोमासशी लगीन लावून बसलीस, तवा तुझे आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. जसं काय मीच अक्षता टाकल्या. पण आईबापामागं त्यांनीच तुला खांद्यावर घेऊन मेंढरामागं फिरवली. आता रोज विचारायलेत, पोरगी कुठवर आली. त्यांना काचबिंदू झालाय. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतो उन्हाळ्यापत्तर टिकला तर टिकला. त्याच्या आत त्यांना तुझं तोंड बघायचंय.

अंगद मुंबईला गाडी घेऊन येईल. पण या जोडीनंच. आपल्यात नवी जोडी पहिल्या डावाला आली की घोंगडीवर शेजारी बसती, भंडारा लावून घेती, मग पाणी. जावई ठेचा खातो का ते लिही. खात नसंल तर आधी सांग, उगं पाहुणा लाल व्हायला नको.

हे बी अंगद फोटो काढून धाडंल, कवा मिळंल तवा वाच. मायेत उणं पडू देऊ नको.

तुझी आजी
पुतळाबाई


सलाला, ओमान
२२ डिसेंबर २०२४

ती. आजीस, दिपालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आज बंदरात नेट मिळालं आणि तुझं पत्र उघडलं. आबांच्या डोळ्यांचं मी तोमासला वाचून दाखवलं. तोमास म्हणाला, उद्याच निघू. पण वाऱ्याला आपली घाई कळत नाही.

मुंबईच्या बंदरातले नियम आधीच सांगते, नाहीतर बोट लागताच तू तांब्या घेऊन पुढे होशील. परदेशातून बोट आली की पिवळं निशाण चढवायचं आणि आतच बसून राहायचं. कस्टमवाले, पासपोर्टवाले येऊन बघून गेले की मगच जमिनीला पाय लावायचा. मोठ्या जहाजाच्या खलाशांना वेगळी सोय असते, आमच्यासारख्या हौशी बोटवाल्यांना मात्र साध्या पाहुण्यासारखा व्हिसा लागतो. तोमासचा कॉम्प्युटरवरचा व्हिसा ठरावीक बंदरांतच चालतो. मुंबई त्यात आहे. माझा पासपोर्ट आपलाच, मला कोण अडवतंय?

एक विचारू? त्याच्या कागदांत काही अडलंच, तर मी एकटी येऊन आबांना भेटून जाऊ का? तोमासची काही हरकत नाही. तू हो म्हणालीस तर मला धीर येईल.

ठेचा तो खातो. डोळे पुसतो आणि परत मागतो.

आबांना माझा नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी
दिपाली


हर्सूल
२५ डिसेंबर २०२४

चि. सौ. दिपालीला आशीर्वाद.

एकटी? काय बी काढतीस. धोंडिबाची लेक सोयगावहून पहिल्या डावाला एकटी आली, तर सगळी आळी विचारत बसली, नवऱ्यानं सोडली का काय. तुझ्या लग्नाला तर फोटोशिवाय साक्षीदार नाय. एकटी आलीस तर मी दारच उघडणार नाय, जा मेंढरात जाऊन झोप.

अगं, कागदाला काय हुतंय? अंगद साहेबाशी नीट बोलंल. त्यानं वसरीत मोठा दिवा लावलाय, आबांना तुमची तोंडं नीट दिसावी म्हून. मेंढरं अजून वैजापूरकडंच हायेत, फक्त दोन माघारी आणलीत. ती कशाला, ते तुला माहीत हाय. जावयाला सांगू नको, नायतर त्यांना कुरवाळीत बसंल.

वाट बघायलेय. जीव लावून हायस तशीच राहा.

आजी


समुद्रावरून
१९ जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

अंगदला फोनवर तुटक सांगितलं होतं, आता नीट लिहिते. मुंबईच्या अलीकडे वाऱ्यानं आम्हाला खाली रेटलं, डोलकाठीला तडा गेला. कोकणातलं एक बारकं बंदर जवळ होतं, तिथे शिरलो. जिल्ह्याच्या गावाहून पासपोर्टचे साहेब आले. माणूस भला होता, त्यानं चहा मागवला. पण तोमासचा व्हिसा त्या बंदरात चालत नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत त्यानं बोटीवर राहावं, खाली उतरू नये. माझ्या पासपोर्टावर साहेबानं लगेच शिक्का मारला आणि आपणहून म्हणाला, पोरी, एसटीनं घरी जाऊन ये, दुरुस्तीला वेळ आहे.

मी गेले होते, आजी. पिशवी घेऊन स्टँडवर बसले होते. गाडी लागली. तेवढ्यात तुझं पत्र परत वाचलं आणि वाटलं, आबांना जोडीच बघायची आहे. एकटी गेले तर लोकांपुढं त्यांची मान खाली जाईल. मी माघारी फिरले. तोमास माझ्यावर चिडला. तो क्वचितच चिडतो.

तडा तात्पुरता बांधून दिला. तसल्या काठीनं वाऱ्याच्या तोंडात मुंबईला पोचेपर्यंत त्याच्या व्हिसाची मुदत संपत होती, आणि नवा बाहेरच्या देशातूनच मागावा लागतो. म्हणून मालदीवला चाललो. आबांना काय सांगायचं ते तूच बघ.

माझ्यावर रागवू नको, एवढंच मागणं.

दिपाली


हर्सूल
६ एप्रिल २०२५

चि. सौ. दिपालीला आजीचा आशीर्वाद.

इतक्या दिसांनी लिहायलेय. सकाळी कागद घ्यायचा आन ठेवून द्यायचा, असं चाललं हुतं. अंगदला सांगून लिहून घेतलं असतं, पण हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. स्टँडवरून माघारी गेलीस तिथं मी थांबणार हुते, पण त्यांना कळलंच की मी काय तरी गाळायलेय. मग सगळं वाचलं, आधीचं माझं बी. तोंड फिरवून बसले. तसंच म्हणाले, "जोडी मी कवा मागितली? मला माझी पोरगी बघायची हुती." बास. रागवले नाय. रागवले असते तर मला जेवण गेलं असतं.

मी ते दाराचं गमतीनं लिहिलं हुतं, पोरी. तुझ्या आजीनं कवा कुणाला दार लावलंय? पण कागदावर हसू उमटत नाय, हे मला कुणी शिकवलं नाय.

होळीच्या आसपास त्यांचा दुसरा डोळा बी गेला. उजेड अंधार तेवढा कळतो. मेंढरं आवाजावरून वळखत्यात, त्याचं त्यांना काय वाटत नाय. पण तुझा नवा फोटो आला तवा विचारलं, कशी दिसती. मी म्हटलं, छान. तर म्हणायलेत, छान म्हणजे कशी? गाल बसलेत का? आईसारखी दिसती का अजून? मला सांगता येईना. दुसऱ्या दिशी परत विचारलं. आता रोज विचारायलेत, आन मी फोटो हातात धरून चुकतमाकत सांगायलेय, काल येक आन आज येक.

तू ये. नवऱ्याचा कागद हुईल तवा हुईल, तू आधी ये. आबांच्या हाताला तुझं तोंड लागू दे, माझ्या सांगण्यात तू लई पुसट व्हायलीस.

माया राहू दे गं.

तुझी आजी
पुतळाबाई